आज हूं कोणाचा?

माझ्या पहिल्या फळीवरची घरं अशी होती: पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, गरम होतंय, झोप, आई, बाबा, हो आणि नाही. प्रत्येक घरात एक चित्र आणि खाली शब्द. मी ज्या खास शाळेत जायचे तिथल्या बाईंनी ती ठरवली होती. बाई भल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या मते माणूस म्हणजे वरून घालायचं, खालून काढायचं आणि मधे कुठे दुखलं तर सांगायचं, एवढंच. 'दुखतंय'च्या घरात एक रडणारा मुलगा काढला होता. मी मुलगी असूनही कित्येक वर्षं मला त्याच्याच तोंडाने रडावं लागलं.

मला बोलता येत नाही. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांचं, जिभेचं गणित बिघडलं. ऐकू नीट येतं, कळतं गरजेपेक्षा जास्त. आवाजही येतो, पण बोलावल्यावर येत नाही, न बोलावता येतो. उजवा हात त्यातल्या त्यात माझा. तो मी फळीवर सरकवते आणि हव्या त्या घरावर टेकवते. जितकी घाई करावी तितका तो भलतीकडे जातो, हे त्याचं वैशिष्ट्य. आता माझ्याकडे बोलणारं यंत्र आहे आणि ते रेल्वेच्या घोषणेसारखं स्वच्छ बोलतं. पण मी सांगते आहे ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मुलुंडची. तेव्हा यंत्र नव्हतं, फळी होती.

शाळेने दिलेली फळी पुठ्ठ्याची होती. ती माझ्या लाळेने भिजून फुगली, तेव्हा बाबांनी प्लायवूडची केली, वर सनमायका लावला आणि खुर्चीच्या हातांवर बसेल अशी बेतली. बाबा विक्रोळीला कारखान्यात होते. मला वाचता येतं हे त्यांच्या लक्षात आलं ते एकदा पेपरातला एक मथळा बघून मी हसले तेव्हा. त्यांनी मथळा परत वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या रविवारी फळीच्या कडेने अक्षरं रंगवली. त्यानंतर मला काहीही बोलता यायला लागलं. फक्त वेळ लागायचा. एकेक अक्षर लावून बोलणं म्हणजे मुलुंडहून बोरीवलीला चालत जाणं. पोचतो माणूस, पण तोवर तिथले लोक जेवून झोपलेले असतात.

आई मला दर शनिवारी दुपारी वाचनालयात न्यायची. वाचनालय आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत पेपर वाचणारे निवृत्त लोक, मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटं आणि मधे रिकाम्या जागेत सतरंजी. शनिवारी तिथे मुलांना गोष्ट सांगितली जायची. सांगणाऱ्या बाई वाचनालयाच्याच, म्हणजे पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या. पूर्वी पालिकेच्या शाळेत शिकवत होत्या. अंगाने काडी, आवाज मात्र पेपर वाचणाऱ्यांच्या खोलीपर्यंत जायचा. पुस्तक कधी हातात धरायच्या नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि सुरू करायच्या.

मुलं सतरंजीवर बसायची आणि मी कडेला माझ्या खुर्चीत, सगळ्यांच्या वर, सभेच्या अध्यक्षासारखी. अध्यक्षाकडेही कुणी बघत नाही.

बाईंचा एक नियम होता. गोष्टीला हुंकार पाहिजे. हुंकार नसेल तर गोष्ट भिंतीला सांगितल्यासारखी, असं त्या म्हणायच्या. गावाकडे रात्री अंगणात गोष्ट सांगणाऱ्याला समोरून कुणीतरी 'हूं' म्हणत राहतं, तसं. बाईंनी त्याची रीतसर पाळी लावली होती. ज्याची पाळी असेल त्याने बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसायचं आणि बाई थांबल्या की 'हूं' म्हणायचं. मग पुढचं वाक्य. हूं राहिला की गोष्ट जिथल्या तिथे थांबली, उरलेली पुढच्या शनिवारी. बाई यात कुणाला सूट देत नसत. एकदा एका मुलाचं लक्ष बाहेर कुल्फीवाल्याकडे गेलं आणि गोष्टीतलं भूत आठवडाभर झाडाला उलटं लटकून राहिलं. त्या मुलाला नंतर पोरांनी चांगला चोपला.

म्हणून सतरंजीवर बसताना पहिला प्रश्न हाच असायचा, आज हूं कोणाचा. त्या स्टुलावर बसणाऱ्याची ऐट बघण्यासारखी असे. बाई त्याच्याकडे बघून गोष्ट सांगायच्या. बाकीचे सगळे ऐकणारे, तो एकटा ऐकवून घेणारा.

पाळी सतरंजीच्या एका टोकाहून सुरू व्हायची आणि दुसऱ्या टोकाला जायची. माझ्यापाशी आली की खोलीतल्या खांबाला वळसा घालून जावं तशी पुढे जायची. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. खांबालाही कुणी मुद्दाम वगळत नाही. माझ्या शेजारी लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालणारी एक मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि आईला विचारलं, "काकू, हिला कळतं का?"

"कळता गो, सगळा कळता," आई म्हणाली.

"मग ही काय म्हणते?"

"काय नाय," आई म्हणाली. ते खरंच होतं, तेव्हा मी काहीच म्हणत नव्हते. पण विचारायला मला हवं होतं. लोक मला विचारायचं ते आईला विचारतात याची मला एव्हाना सवय झाली होती. डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक, सगळे. हिला चहा देऊ का, हिला थंडी वाजते का, ही झोपते का नीट. मी समोर असताना माझ्याबद्दल इतकं बोललं जायचं की एखाद्या मंत्र्याला हेवा वाटावा.

मला तो हूं हवा होता. दुसरं काही नको होतं. पुस्तकं बाबा आणून वाचून दाखवायचे, गोष्टी मी कुठेही ऐकू शकत होते. पण बाई थांबतात आणि कुणीतरी म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत, ते कुणीतरी मला व्हायचं होतं. माझ्यासाठी कुणी थांबत नसे. सगळे माझं वाक्य अर्ध्यात ओळखून मोकळे व्हायचे.

एका संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती तेव्हा मी तिला अक्षरं लावून सांगितलं. 'हूं' एवढंच वाचून तिला आधी वाटलं मी कुंथते आहे.

"हूं? तुका हूं म्हणूचा हा?" तिने सूप खाली ठेवलं. "आणि तू म्हणतलंस कसा?"

मी फळीवर हात आपटला.

"गप रव," आई म्हणाली. जिला तोंडाने शब्द काढता येत नाही तिला दिवसातून दहादा 'गप रव' म्हणणारी ती जगातली एकटीच बाई असावी. मला ते आवडायचं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आधीच आपली तेंका अडचण. तो पेपरवालो म्हातारो खुर्चीसाठी कुरकुरता. उद्या येव नको सांगल्यानी तर?"

हे खोटं नव्हतं. माझी खुर्ची मागच्या खोलीच्या दारात यायची आणि पेपर बदलायला येणाऱ्या एका गृहस्थांना तिला वळसा घालावा लागे. त्यांनी कमिटीपाशी शब्द टाकला होता. शनिवार गेला तर माझ्याकडे शाळेची बस आणि घराची खिडकी उरणार होती. आई घाबरली यात नवल नाही. मीही घाबरले. पण मला हूं पाहिजेच होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "विचारून तरी बघ." मग त्यांनी रंगाची डबी काढली. फळीवर माझा हात सहज पडतो ती जागा उजवीकडे खाली, तिथे 'गरम होतंय'चं घर होतं. शाळेतल्या बाईंनी मुंबईची हवा लक्षात घेऊन ते मोक्याच्या ठिकाणी दिलं असावं. बाबांनी ते खरवडून काढलं. हूंचं चित्र काय काढणार, म्हणून त्यांनी नुसतं लिहिलं: मगे? त्यांच्या लहानपणी गावाला आजोबांच्या गोष्टीत ते हूं म्हणत नसत, 'मगे?' म्हणत. पुस्तकी मराठीत 'मग?' असतं हे त्यांना माहीत होतं. पण घरात जे बोलतो तेच लिहायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

आईने वाचनालयातल्या बाईंना विचारलं तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळून विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो, त्यात विचारायचं काय? मला आधी सुचायला हवं होतं." आणि पुढच्या पाळीला माझी खुर्ची त्यांच्या शेजारी लावली गेली. स्टूल बाजूला झालं. पोरं पुढे सरकून फळीवरचं वाचायला लागली. 'शी' वाचून हसली, ते चालायचंच. कुणीतरी 'मगे' मोठ्याने वाचलं आणि त्यावर जास्त हसली.

बाईंनी गोष्ट सुरू केली. पहिलं वाक्य झालं, बाई थांबल्या, माझ्याकडे बघून गोड हसल्या. मी हात उचलला. तो घाईत डावीकडे गेला, मी परत आणायला लागले आणि बाई म्हणाल्या, "हो, हो. धरला तुझा हूं." पुढचं वाक्य सुरू. परत थांबल्या, परत हसल्या, परत धरला. माझा हात अजून पहिल्या हूंवरच पोचत होता. असे माझे किती हूं त्यांनी धरले कुणास ठाऊक. मी न म्हटलेल्या हुंकारांवर गोष्ट सुसाट निघाली होती.

माझं डोकं फिरलं. मी सगळी ताकद लावून हात 'नाही'वर आपटला. पुन्हा आपटला. बाई गोंधळल्या आणि त्यांनी आईकडे बघितलं. आई ताबडतोब उठली. माझ्या आदळआपटीचा अर्थ तिच्या अनुभवाप्रमाणे एकच होता.

"शूक जावचा हा?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची वळवली.

मला गोष्टीच्या ऐन मध्यावर शूला नेण्यात आलं. मला लागली नव्हती. पण तिथे नेल्यावर झाली, त्यामुळे आईचंच खरं ठरलं. परत आलो तेव्हा गोष्ट संपत आली होती. शेवटी बाई म्हणाल्या की आज आपल्या या मैत्रिणीने किती छान हूं दिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला आयुष्यभर फुकट मिळत आल्या आहेत. नुसतं खोकले तरी मिळतील. त्या दिवशी मी त्या टाळ्यांचा जितका राग केला तितका पोरांच्या हसण्याचाही कधी केला नाही.

पुढच्या शनिवारी मी लवकर जायचा हट्ट धरला. बाई एकट्याच होत्या, पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मी अक्षरं लावायला सुरुवात केली. आई मोठ्याने वाचायला लागली तशी मी तिच्याकडे रागाने बघितलं. बाईंना कळलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि स्वतः वाचायला लागल्या. दोन-तीन अक्षरांवर त्या ओळखायला बघायच्या. मी 'नाही'वर जायचे. मग त्यांनी ओळखणं सोडलं. एवढंच लिहिलं मी: तुम्ही थांबला नाहीत.

बाईंनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर आमचा शनिवार गेलाच होता. आई दाराशी पिशवीचा बंद पिरगाळत उभी होती. बाई म्हणाल्या, "खरंय. कुल्फीवाल्याकडे बघणाऱ्या त्या पोराला मी सोडलं नाही आणि तुला मात्र सोडून दिलं." मग त्या उठल्या, हातावरची खळ पुसली आणि म्हणाल्या, "आज परत तुझी पाळी."

ती पाळी खरं तर लाल रिबिनीवालीची होती. तिने तसं स्पष्ट सांगितलं. "बाई, हिचं गेल्या वेळेला झालं ना? आज माझा हूं."

"तिचा गेल्या वेळेला झालाच नाही," बाई म्हणाल्या. मुलगी पाय आपटत सतरंजीवर जाऊन बसली.

बाईंनी मांडीवर चष्मा ठेवला. एक राजा होता, त्याला एक मुलगी होती आणि ती मुकी होती, त्यांनी सुरू केलं. आणि थांबल्या. या वेळी हसल्या नाहीत. माझा हात डावीकडे गेला, 'झोप'वर अडला, परत फिरला, 'मगे?'वर आला. तोपर्यंत पुढच्या खोलीत दोन पानं उलटल्याचा आवाज झाला. मग बाई म्हणाल्या, राजाने देशोदेशीचे वैद्य बोलावले. आणि पुन्हा थांबल्या.

असं चाललं. पोरं आधी खिदळली, मग कंटाळली, एकमेकांना ढोसून झाली. नंतर एक गंमत झाली. दोन वाक्यांमधे एवढी मोकळी जागा मिळाल्यावर पुढे काय होणार याची ती कुजबुज करायला लागली. त्या मुक्या मुलीला तळ्यातल्या होड्या ओळखता यायच्या. शत्रूची होडी आली तेव्हा तिने एकटीने घंटा वाजवून गाव वाचवलं. मी इतकी रंगले की हात चक्क सरळ जायला लागला. मला ती मुलगी फार आवडली. तिला कुणी काही विचारत नव्हतं आणि तिचं काही अडत नव्हतं.

मग डोंगरावरचा साधू आला.

साधू आला तेव्हाच मला कळलं. साधू उगाच येत नाही. तो प्रसन्न झाला, त्याने मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या जिभेवर मधाचं बोट टेकवलं. इथे बाई थांबल्या. खोलीत सगळ्यांना पुढचं माहीत होतं, पोरांचे चेहरे आधीच फुलले होते. बाईंचाही. त्यांनी ही गोष्ट माझ्यासाठी निवडली होती, मोठ्या प्रेमाने. आता ती बोलणार, राजा रडणार, नगरात साखर वाटणार.

मी हात मांडीवर घेतला.

पोरं वाट बघत राहिली. बाईंना वाटलं हात अडकला. आईला वाटलं शू. तिने खुर्चीचा ब्रेक सोडायला हात घातला तसं बाई म्हणाल्या, "थांबा." आणि मला म्हणाल्या, "मगे?" त्यांच्या तोंडी तो शब्द नवीन होता, त्यांनी तो जपून म्हटला.

मी हात उचलला आणि सावकाश, कुठेही न चुकता, 'नाही'वर ठेवला.

"बाई, तिला 'मगे' म्हणायचं असेल," मागून एकजण म्हणाला. "हात चुकला तिचा. सांगा तुम्ही."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे. त्यांना एक हूं धरून टाकणं सहज शक्य होतं. गोष्ट एका वाक्यावर आली होती, आणि ते वाक्य सगळ्यांनाच हवं होतं. मला वाटलं, आता धरणार.

बाईंनी मांडीवरचा चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला. "हुंकार थांबला," त्या म्हणाल्या. "गोष्ट थांबली."

एकच कल्ला झाला. बाई, असं काय, शेवटच तर होता. पुढच्या खोलीतून कुणीतरी शुकशुक केलं. बाई उठून कपाटाकडे गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहून पुस्तकं सारखी करायला लागल्या. ती गोष्ट त्यांनी पुढेही कधी पुरी केली नाही. ती राजकन्या मुलुंडला अजून मुकीच आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे मजेत आहे.

पोरं कुरकुरत चपला शोधायला गेली. लाल रिबिनीवाली गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा हूं गेला होता, वर गोष्टही गेली होती, आणि ती चांगलीच भडकली होती.

"तू मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली.

आई लगबगीने पुढे आली. "अगो, तसा नाय, तिका जरा..."

"काकू, तुम्ही नका सांगू. मी तिला विचारलंय." आणि परत माझ्याकडे वळून, "बोलली असती ती राजकन्या तर तुझं काय जात होतं? सांग ना. फार शहाणी समजतेस का स्वतःला?"

घराबाहेरचं कुणी माझ्याशी भांडायला आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की आवाज निघाला, मोठा आणि वेडावाकडा. आईने सवयीने माझं तोंड पुसायला पदर पुढे केला. मुलगी हलली नाही. मला जे सांगायचं होतं ते लांबलचक होतं, अक्षरा-अक्षराचं काम होतं. मी हात उचलला, तो नेहमीसारखा आधी भलतीकडेच गेला. तिने माझ्या फळीवर दोन्ही कोपरं टेकली, अक्षरांवर डोळे लावले आणि थांबली.